मुखवट्यामागे काहीच नव्हतं तेव्हा

मित्रहो, एका शॉटपासूनच सुरुवात करतो. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा १९७८ सालचा भयपट ‘हॅलोवीन’. मायकेल नावाचा मुखवटाधारी खुनी लॉरी या तरुण मुलीच्या मागावर असतो, अशी त्याची गोष्ट. शेवटाकडे लॉरी मैत्रिणींची प्रेतं बघून खोलीबाहेर येते आणि भिंतीला टेकून रडत उभी राहते. तिच्या शेजारी एक उघडं दार, आत मिट्ट काळोख. मग त्या काळोखात काहीतरी पांढुरकं उमटायला लागतं. छायाचित्रकार डीन कंडी यांनी मुखवट्यावर एक छोटा दिवा रोखला आणि डिमरनं त्याचा उजेड अगदी सावकाश वाढवत नेला. अंधाराला डोळे सरावल्यावर जसं दिसू लागतं, तसा तो चेहरा आपल्याला दिसतो. आणि काळजात धस्स होतं, कारण तो आत्ता आलेला नसतो. मघापासून तिथंच उभा असतो.

या शॉटमध्ये रक्ताचा थेंब नाही. खरं तर सबंध चित्रपटातच रक्त फारच थोडं आहे. लोकांना मात्र तो रक्तबंबाळ चित्रपट म्हणून आठवतो. ते रक्त त्यांनी स्वतःच्या मनातून आणलेलं असतं.

चित्रपटाला पैसा सुमारे तीन लाख डॉलर, चित्रीकरणाला जेमतेम वीस दिवस. गोष्ट इलिनॉयमधल्या एका काल्पनिक गावातली, ऑक्टोबरअखेरची. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, ऐन वसंतात. म्हणून पानगळीची पानं रंगवून रस्त्यावर टाकायची आणि शॉट झाला की गोळा करून पुन्हा पोत्यात भरायची. मुखवटासुद्धा दुकानातून आणलेला, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरच्या आतला. त्याची डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला. झालं! माणसाचा चेहरा आहे, पण त्यावर राग नाही, आनंद नाही, काहीच नाही. श्रेयनामावलीत त्या पात्राला ‘द शेप’, म्हणजे ‘आकृती’, एवढंच म्हटलं आहे. मला वाटतं, सगळ्या चित्रपटाची किल्ली त्या एका शब्दात आहे.

संगीतही कार्पेंटरचंच. वडिलांनी त्यांना लहानपणी बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता, तोच त्यांनी पियानोवर आणला. चार मात्रांची सवय झालेल्या कानाला तो ठेका स्वस्थ बसू देत नाही. अंधारात जिना उतरताना आपण जमीन आली समजतो आणि आणखी एक पायरी निघते ना, तसं दर आवर्तनाला होतं.

आणि दिवसाढवळ्याची भीती! लॉरी खिडकीतून खाली बघते. शेजारच्या आवारात दोरीवर चादरी वाळत घातलेल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये तो उभा आहे. ती दुसऱ्यांदा बघते तेव्हा नुसत्या चादरी हलत असतात. मी हा चित्रपट पहिल्यांदा व्हीसीआरवर पाहिला. दुसऱ्या दिवशी आईनं गच्चीवरचे कपडे काढून आणायला पाठवलं, तेव्हा मी दोरीवरची प्रत्येक चादर आधी हातानं दाबून बघितली आणि मगच काढली. भर दुपारी बारा वाजता. इतक्या वर्षांनीही तो सुती कापडाचा गरम स्पर्श माझ्या हाताला आठवतो.

आता १९८१ चा दुसरा भाग. मधल्या काळात, १९८० मध्ये, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ येऊन तुफान चालला होता आणि प्रेक्षकांना कापाकापी उघड्यावर बघायची सवय लागली होती. दुसऱ्या भागाचे दिग्दर्शक रिक रोझेन्थल. त्यांनी केलेला चित्रपट फार सौम्य वाटला, म्हणून कार्पेंटरनी स्वतः काही हिंसक प्रसंग नव्यानं चित्रित करून त्यात घातले. उकळत्या पाण्यात बुडवलेला चेहरा येतो, डोळ्यात खुपसलेली सुई येते. एका नर्सच्या अंगातलं रक्त फरशीवर वाहून जातं आणि एकजण त्यावर घसरून पडतो. बघताना आपण तोंड फिरवतो, शिसारी येते. पण रात्री घरी गेल्यावर दाराची कडी पुन्हा तपासावीशी वाटत नाही. शिसारी थिएटरात संपते. भीती आपल्याबरोबर घरी येते.

तरीही सगळा दोष रक्ताच्या माथी मारणं मला पटत नाही. याच कार्पेंटरनी १९८२ मध्ये ‘द थिंग’ केला. त्यात मांसाचा नुसता चिखल आहे, आणि तरी तो चित्रपट हाडं गोठवतो. कारण त्यातल्या परग्रहावरून आलेल्या जीवाला स्वतःचं असं ठरलेलं रूप नाही. कितीही दाखवलं तरी त्याचं अज्ञातपण शिल्लक राहतं.

‘हॅलोवीन’च्या दुसऱ्या भागानं खरा घात केला तो खुलाशानं. त्यात कळतं की लॉरी ही मायकेलची सख्खी बहीण. म्हणजे तो तिच्याच मागे का लागला, याचं उत्तर मिळालं. पहिल्या भागात ते उत्तर नव्हतं. ती सकाळी एका ओसाड घराच्या दारात किल्ली ठेवायला गेली, आत तो होता, त्यानं तिला पाहिलं. बस, एवढंच कारण. तिच्या जागी कुणीही असू शकलं असतं, मी किंवा तुम्हीही. बहीणभावाचं नातं जोडलं आणि प्रेक्षक सुटला, कारण ते त्यांचं घरचं भांडण झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती इथं उघडली गेली. पुढं २०१८ च्या चित्रपटानं हे नातंच पुसून टाकलं आणि गोष्ट थेट पहिल्या भागापासून पुढे नेली, यातच सगळं आलं.

पहिल्या भागाचा शेवट आठवा. सहा गोळ्या खाऊन तो सज्जावरून खाली पडतो. गोळ्या झाडणारे त्याचे मनोविकारतज्ज्ञ, डॉक्टर लूमिस, वाकून बघतात, तर गवतावर कोणी नाही. मग कॅमेरा आपल्याला नुसत्या जागा दाखवत जातो. जिना, बैठकीची खोली, बाहेरून घरं. सगळीकडे शुकशुकाट, आणि त्यावर मुखवट्याआडून येणारा श्वास, जवळ जवळ येत जाणारा. तो कुठं गेला? दुसरा भाग त्याच रात्री सुरू होतो, आणि काही मिनिटांतच आपल्याला तो दिसतो, शेजारच्या एका घरात, स्वयंपाकघरातली सुरी उचलताना.