ओसाका ते ॲनाहाइम: एका वाद्यकाराची वारी

[दृश्य: साठच्या दशकातलं ओसाका, कृष्णधवल छायाचित्रं]

१९६४ सालचा जपान. ऑक्टोबरात टोकियोला ऑलिम्पिक भरायचं आहे. टोकियो-ओसाका बुलेट ट्रेन सुरू व्हायच्या बेतात आहे. सामान्य जपानी माणसाला फिरायला परदेशी जायची मोकळीक मिळाली आहे ती नुकतीच, १ एप्रिलपासून. एका डॉलरला ३६० येन मोजावे लागतात. अशा दिवसांत ओसाकाचा एक चौतीस वर्षांचा कारखानदार आपल्या कारखान्यात बनलेलं यंत्र घेऊन पॅसिफिक ओलांडतो. त्याला अमेरिकेत वाद्यांच्या प्रदर्शनाला जायचं आहे.

त्याचं नाव इकुतारो काकेहाशी.

प्रदर्शनाचं नाव नॅम. अमेरिकेतल्या पियानो विक्रेत्यांनी १९०१ साली एक संघटना काढली, तिचा पुढे सगळ्या वाद्यव्यापाऱ्यांची संघटना म्हणून विस्तार झाला. तिच्या प्रदर्शनात कारखानदार नवी वाद्यं मांडतात, दुकानदार ती वाजवून बघतात, भाव ठरतात आणि मागण्या नोंदवल्या जातात. संगीताचा जलसा ऐकायला यावं अशी ही जागा नाही. शेकडो वाद्यं एकाच छताखाली, एकाच वेळी, वेगवेगळ्या सुरांत वाजत असतात. त्या गलक्यात ज्याच्या वाद्याकडे मान वळते, त्याचं वर्ष बरं जातं.

काकेहाशींना तोवरच्या आयुष्यात फारसं काही सोपं मिळालेलं नव्हतं. आई आणि वडील दोघेही क्षयाने गेले, तेव्हा हे मूल दोन वर्षांचं होतं. आजी-आजोबांनी वाढवलं. युद्धकाळात ओसाकाच्या गोदीत काम केलं. युद्ध संपल्यावर क्यूशू बेटावर जाऊन सोळा-सतराव्या वर्षी घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, पुढे रेडिओही दुरुस्त करू लागले. ओसाकाला परतले आणि ज्या आजाराने आईबाप नेले त्याच आजाराने त्यांनाही गाठलं. काही वर्षं रुग्णालयात गेली. तेव्हा नव्यानेच आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी ज्या रुग्णांवर झाली त्यांत ते होते, आणि ते वाचले.

१९५४ मध्ये विजेच्या वस्तूंचं दुकान, १९६० मध्ये एस इलेक्ट्रॉनिक ही कंपनी. कुठलंही वाद्य ते रीतसर शिकलेले नव्हते. घड्याळ आणि रेडिओ उघडून बघणारा हा माणूस वाद्यांकडेही त्याच नजरेने पाहत होता: आत काय आहे, ते स्वस्तात कसं करता येईल, आणि हौशी माणसाला ते घरी कसं वाजवता येईल?

[दृश्य: आर-१ रिदम एस, बटणांचं जवळून दर्शन]

१९६४ च्या त्या प्रवासात सोबत होतं ते हे यंत्र, आर-१ रिदम एस. बटण दाबलं की तालवाद्याचा आवाज निघतो. विजेवर, चामड्याशिवाय. कल्पना नवी होती, पण एक अडचण होती. प्रत्येक ठोका बोटानेच द्यावा लागे. ठेका आपोआप चालत नसे. ऑर्गन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात आधीच पट्ट्यांवर गुंतलेले, मग ही बटणं दाबायची कुणी? यंत्र बाजारात चाललं नाही.

‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी त्या काळी समजूत होती. आपल्याकडेही जुनी माणसं हा शब्द त्याच अर्थाने वापरत. तिथे ओसाकाच्या एका अनोळखी कंपनीने तालयंत्र घेऊन उभं राहणं हे धाडसच होतं. पण प्रदर्शनाला गेलेला कारागीर फक्त विक्रीच्या वहीवर तोलू नये, असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाईक वाद्यापाशी येतं, एक-दोन बटणं दाबतं आणि पुढे जातं. ते का पुढे गेलं, हे कारखान्यात बसून कळत नाही.

तीन वर्षांनी, १९६७ मध्ये, एफआर-१ रिदम एस आलं. त्यात ठेके आधीच भरलेले होते. डायोड नावाच्या विजेच्या छोट्या सुट्या भागांच्या जाळीवर बसवलेले हे ठेके बटण दाबताच आपोआप चालू होत, आणि ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात मोकळे राहत. अमेरिकेतल्या हॅमंड कंपनीने हे तालयंत्र आपल्या ऑर्गनमध्ये बसवून घेतलं. हॅमंड म्हणजे त्या काळी ऑर्गनच्या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव.

१९७२ मध्ये काकेहाशींनी एस कंपनी सोडून ओसाकालाच नवी कंपनी काढली, रोलँड. पुढच्या दहा वर्षांत तिथून रिदम मशीन, सिंथेसायझर (विजेवर नवे आवाज घडवणारं कीबोर्डवाद्य), अँप्लिफायर अशी यंत्रं निघत राहिली. पण आपली गोष्ट आता एका केबलची आहे.

[दृश्य: १९८० च्या आसपासचा रंगमंच, एका वादकाभोवती चार कीबोर्ड]

त्या वेळच्या बँडमधला कीबोर्डवाला पाहा. समोर चार यंत्रं. एकाचे व्हायोलिनसारखे आवाज छान, दुसऱ्याचा खर्ज भरदार. दोन्ही एकदम वाजवायची तर दोन हात दोन यंत्रांवर. एकाची पट्टी दाबून दुसरं वाजवणं वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत बहुतेक अशक्य होतं. अमेरिकेतल्या मूग कंपनीच्या आणि रोलँडच्या यंत्रांत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढे. कोर्ग आणि यामाहा या जपानी कंपन्यांचं गणितच निराळं. रोलँडची जोडणी फक्त रोलँडला, ओबरहाइम या अमेरिकन कंपनीची फक्त ओबरहाइमला. ज्या कंपनीचं पहिलं यंत्र घेतलं, तिच्याच दारात दुसऱ्यासाठी जायचं. दुकानदाराला यात सोय वाटत असेल, वादकाला नव्हती.

१९८१ मध्ये काकेहाशींनी हा विषय त्याच ओबरहाइम कंपनीच्या टॉम ओबरहाइम यांच्याकडे काढला. त्यांनी तो कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्स या सिंथेसायझर कंपनीच्या डेव्ह स्मिथ यांच्या कानावर घातला. त्याच वर्षाच्या शेवटी स्मिथ यांनी ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेत एक प्रस्ताव वाचला: सगळ्या कंपन्यांच्या वाद्यांसाठी एकच जोडणी. तिकडे जपानमध्ये काकेहाशी यामाहा, कोर्ग आणि कावाई यांच्याशी बोलत होते. हे सगळे एकाच गिऱ्हाइकासाठी भांडणारे लोक.

मग १९८२ चा जानेवारी, नॅमचं हिवाळी प्रदर्शन. कंपन्यांची एकत्र बैठक झाली. अनेकांनी फारसा रस घेतला नाही, आणि त्यांचं कारण समजण्यासारखं होतं. ज्याची स्वतःची जोडणी चालते आहे, त्याने ती का सोडावी? पण जपानी कंपन्या आणि सिक्वेन्शियल मागे हटल्या नाहीत. वर्षभर ओसाका, टोकियो आणि कॅलिफोर्निया यांच्यात मसुदे इकडून तिकडे जात राहिले.

[दृश्य: ॲनाहाइमचं प्रदर्शन केंद्र]

जानेवारी १९८३. लॉस एंजेलिसजवळचं ॲनाहाइम. डिस्नेलँडच्या समोरच्याच बाजूला हे प्रदर्शन केंद्र आहे. तिथे सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एका केबलने जोडले गेले. एक अमेरिकेत बनलेला, दुसरा जपानमध्ये. एकावर पट्टी दाबली आणि दुसरा वाजला.

या जोडणीला मिडी म्हणतात, म्हणजे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस.

मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. जाते ती सूचना. कोणती पट्टी, किती जोरात दाबली, कधी सोडली. भातखंड्यांच्या स्वरलिपीचं पुस्तक उघडलं तर त्यातून गाणं ऐकू येत नाही, पण जाणकाराच्या हाती दिलं की तो गाऊन दाखवतो. मिडीचं तसंच आहे. सूचना एकच, ती मिळाल्यावर कुठला आवाज काढायचा हे समोरच्या यंत्राने ठरवायचं.

पाच पिनांचा गोल प्लग, तो आधीपासूनच बाजारात मिळत होता. सेकंदाला ३१,२५० बिट, सोळा चॅनल म्हणजे एकाच केबलवर सूचनांच्या सोळा वेगळ्या वाटा, आणि प्रत्येक गोष्टीला ० ते १२७ मधला एक आकडा. पियानोवरची मधली ‘सी’ ही पट्टी म्हणजे ६०. दोन यंत्रांच्या मध्ये प्रकाशावर चालणारा एक छोटा सुटा भाग असतो. त्यामुळे विजेच्या तारा थेट जुळत नाहीत आणि एका यंत्राची घरघर दुसऱ्यात शिरत नाही. सगळा भर होता स्वस्ताईवर. हे महाग झालं असतं तर लहान कंपन्यांनी ते लावलंच नसतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की या मंडळींनी त्यावर रॉयल्टी मागितली नाही. ज्याला हवं त्याने वापरावं. ऑगस्ट १९८३ मध्ये पूर्ण तपशील प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांत अटारीच्या घरगुती संगणकाला मिडीची भोकं कंपनीतूनच बसवून येऊ लागली.

मला या प्रसंगात सर्वांत मोलाची वाटते ती जागा. पत्रं कुठूनही लिहिता आली असती. पण प्रतिस्पर्ध्याच्या टेबलाशी जाऊन, त्याच्या यंत्रात आपली केबल खुपसून, दुकानदारांच्या डोळ्यांदेखत ते वाजवून दाखवायचं, तर दोघांनीही आपापली यंत्रं उचलून एका गावी यावं लागतं. एकोणीस वर्षांपूर्वी हातात बटणांचं यंत्र घेऊन अमेरिकेत उतरलेल्या काकेहाशींना या जागेची किंमत ठाऊक होती.

[दृश्य: हळदीचा मांडव, रात्र, दिव्यांच्या माळा. मंचावर ऑक्टोपॅड]

आता आपल्या गावी येऊ. आगरी-कोळी हळद असो, गणपतीतली बेंजो पार्टी असो, लावणीचा कार्यक्रम असो की जिल्ह्याच्या गावातला ऑर्केस्ट्रा, मंचावर एक चौकट हमखास दिसते: आठ चौकोनी रबरी पॅड, स्टँडवर तिरके बसवलेले, आणि दोन स्टिक घेतलेला पोरगा. ऑक्टोपॅड. मराठी घरात हा शब्द आता ढोलकीइतकाच ओळखीचा आहे.

पहिला ऑक्टोपॅड, पॅड-८, रोलँडने १९८५ साली काढला. त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. ठोका पडला की तो मिडीच्या केबलवरून फक्त सांगे: अमुक पॅड, इतका जोर. आवाज निघे तो दुसऱ्या यंत्रातून, आणि ते यंत्र कुठल्याही कंपनीचं चाले. ॲनाहाइमच्या त्या जोडणीशिवाय हे वाद्य मुकं राहिलं असतं. पुढच्या मॉडेलांत आवाज आतच आले. आज आपली पोरं त्यावर ढोलकी, हलगी, संबळ, ताशा वाजवतात, टोन स्वतः घडवून घेतात, एकमेकांना देतात.

याची एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. हलगीचा खरा कारागीर, ढोलकीला शाई भरणारा माणूस, यांचं काम या आठ पॅडांनी कमी केलं. ऑर्केस्ट्रात पूर्वी तालवाद्यांना तीन-चार माणसं लागत, ती एकावर आली. ज्यांच्या पोटावर हे आलं त्यांना काकेहाशींचं कौतुक सांगायला मी जाणार नाही.

सुरांच्या बाबतीतही मिडीचं माप आपल्याला तोकडं पडलं. ते बारा पट्ट्यांच्या हिशेबाने घडलं. मींड घ्यायची तर सूर वाकवणारं चाक फिरवावं लागतं, आणि ते चॅनलवरचे सगळे सूर एकदम वाकवतं. एक सूर धरून ठेवून दुसरा अलगद चढवावा, तर ते जमत नाही. हार्मोनियमबद्दल आपल्याकडे जो वाद झाला, ज्यापायी आकाशवाणीने १९४० पासून अनेक वर्षं तिला दूर ठेवलं, तोच इथेही लागू आहे. पट्टीत न मावणारं गाणं पट्टीत बसवताना काही तरी बाहेर राहतं.

[दृश्य: काकेहाशी आणि स्मिथ यांची छायाचित्रं]

२०१३ मध्ये काकेहाशी आणि स्मिथ यांना मिडीसाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. सोहळ्याला काकेहाशी स्वतः नव्हते, त्यांच्या वतीने मुलगा इकुओ गेला. १ एप्रिल २०१७ रोजी काकेहाशी गेले, २०२२ मध्ये स्मिथ.

स्मिथ जाण्याआधी, जानेवारी २०२० मध्ये, त्याच ॲनाहाइमच्या प्रदर्शनाच्या दिवसांत मिडीची नवी आवृत्ती मंजूर झाली, मिडी २.०. एकशे अठ्ठावीस पायऱ्यांच्या जागी ठोक्याच्या जोरासाठी पासष्ट हजारांहून जास्त पायऱ्या. आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचं म्हणजे आता प्रत्येक सूर वेगळा वाकवता येतो. धरलेला षड्ज जागच्या जागी ठेवून वरचा सूर गंधारावरून मध्यमावर नेता येईल अशी सोय कागदावर झाली आहे. ती वाद्यांत उतरायला वेळ लागतो आहे, आणि आपल्या रागसंगीतासाठी ती वापरून बघायचं काम इथल्याच लोकांना करावं लागेल. ते दुसरं कुणी करणार नाही.

जुनं मात्र टाकून द्यावं लागलं नाही. नवी आवृत्ती जुन्या यंत्रांची भाषा समजते. त्यामुळे एखाद्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या माळ्यावर १९८५ चा पॅड-८ अजून चालू स्थितीत असेल, तर पाच पिनांची केबल घ्यावी, आज दुकानात मिळणाऱ्या मिडीच्या ध्वनियंत्राला जोडावी आणि स्टिक हाणावी. वाजेल.