कोरोना म्हणजे मुकुट

[कृष्णकमळ, अगदी जवळून]

कुंपणावरचं हे कृष्णकमळ आज सकाळी उमललंय. पाकळ्यांवर पसरलेले हे जांभळे-पांढरे तंतू पाहा. लहानपणी आपण ते मोजायचो. हे शंभर कौरव आणि वरचे पाच पुंकेसर म्हणजे पांडव. साठ-सत्तरच्या पुढे हमखास चुकायचं आणि पुन्हा पहिल्या कौरवापासून सुरुवात. दक्षिण अमेरिकेत ही वेल पाहणाऱ्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना याच तंतूंत येशूच्या डोक्यावरचा काटेरी मुकुट दिसला. वनस्पतिशास्त्रात तंतूंच्या या कड्याला म्हणतात कोरोना.

हो, कोरोना. आजही ऐकलं की पोटात गोळा येतो. पण हा शब्द मुळात मुकुटाचा आहे.

[हात गवत विणताना]

लॅटिनमध्ये कोरोना म्हणजे डोक्यावर चढवायचा हार, मुकुट. रोमन सैन्यात सोन्याचे मुकुटही मिळत, पण सर्वांत मोठा मान गवताच्या मुकुटाचा. वेढ्यात अडकलेलं अख्खं सैन्य ज्यानं सोडवलं, त्याला त्या सैन्यानंच तिथलं गवत-तण उपटून हा मुकुट विणून द्यायचा. एका नागरिकाचा जीव वाचवला, तर ओकच्या पानांचा. म्हणजे हे दोन्ही कोरोना मिळायचे ते जीव वाचवल्याबद्दल. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

क्राउन, कॉरोनेशन हे इंग्रजी शब्द त्यातूनच आले. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कोरोनरही मूळचा राजमुकुटाचा अधिकारी. मुंबईत हे पद १९९९ पर्यंत होतं.

[अँजिओग्राफीचा पडदा]

हृदयाला वेढून असलेल्या या रक्तवाहिन्या. शरीरशास्त्रज्ञांना त्यांच्यात मुकुट दिसला, म्हणून त्या कोरोनरी.

[खग्रास सूर्यग्रहण. काही सेकंद फक्त दृश्य]

आणि हा सूर्याचा कोरोना. मराठीत याला फार सुंदर नाव आहे, प्रभाकिरीट. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस, तर त्याच्या बाहेरचा हा किरीट दहा लाख अंशांहून अधिक तापलेला. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेल्या आदित्य-एल१ वरचं एक उपकरण सूर्याची तबकडी झाकून हाच किरीट न्याहाळतं.

[इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं करडं चित्र]

आता हे चित्र. जून अल्मेडा ही ग्लासगोच्या बसचालकाची मुलगी. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झाली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू नीट दिसत नसत. तिनं विषाणूंना चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, वापरून ते एकत्र गोळा करायची युक्ती हातात बसवली. १९६० च्या दशकात लंडनमध्ये तिच्याकडे सर्दी झालेल्या एका शाळकरी मुलाकडून घेतलेला नमुना आला. तिला दिसले गोल कण, आणि कणांभोवती ही झालर. १९६८ मध्ये आठ विषाणूतज्ज्ञांनी ‘नेचर’मध्ये या गटाचं नाव सुचवलं. झालर सूर्याच्या कोरोनासारखी, म्हणून कोरोनाव्हायरस. विषाणूला हे नाव सूर्याकडून आलं.

पुढे २०२० आलं, आणि तेवढा एकच अर्थ उरला.

[बंद शटर. रिकामा फलाट. निवेदन नाही]

[पुन्हा खग्रास]

भारतातून हा मुकुट पुन्हा दिसेल २० मार्च २०३४ ला, काश्मीर-लडाखच्या पट्ट्यातून.