भिंत आधी, कपाट नंतर

खानापूरच्या बाजूला जुनं घर म्हटलं की तांबडा चिरा. निपाणी-चिकोडीकडे काळा दगड. बेळगावच्या नव्या अपार्टमेंटमध्ये सिमेंटचे हलके ब्लॉक. गिलावा आणि रंग चढला की तिन्ही भिंती सारख्याच दिसतात. स्वयंपाकघरात वरची कपाटं टांगणाऱ्या मेस्त्रीला मात्र आत काय आहे ते आधी कळायला हवं.

ते कळतं ड्रिलच्या भुकटीतून. पहिलं भोक बारीक, कपाटामागे झाकलं जाईल अशा जागी. स्विचबोर्डच्या आणि नळाच्या सरळ रेषेत बिट लावायचंच नाही. तांबडी पूड आली आणि बिट मध्येच पोकळीत सटकलं, तर तो चिरा. पांढरट पूड आली आणि बिट लोण्यात शिरावं तसं गेलं, तर हलका ब्लॉक. दोन्हीकडे ड्रिलचा हातोडा, म्हणजे ठोके देत फिरणं, बंद. नाहीतर भोक मोठं होतं, स्क्रूसाठी घातलेला प्लग फिरत राहतो.

चिऱ्यात साधा प्लग भरवशाचा नाही. भोक फुंकून साफ करायचं, जाळीची नळी घालायची आणि केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणारा रासायनिक गोंद, भरायचा. तो पूर्ण सुकेपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही. इथं घाई झाली की डबे, ताटं, पातेली सगळं एक दिवस ओट्यावर येतं. मातीत रचलेली जुनी दगडी भिंत असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: भार भिंतीवर टाकूच नका, कपाटाला ओट्यापर्यंत पाय द्या.

आता पातळी. ओट्याला सिंककडे उतार असतो, म्हणून ओट्यावरून मोजलेली रेघ चुकते. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा, दोन्ही तोंडं उघडी ठेवा. दोन टोकांना पाणी जिथं थांबेल तिथं खूण, खुणा जोडून रेघ. त्या रेघेखाली, ओट्यापासून साधारण २ फुटांवर, तात्पुरती लाकडी पट्टी ठोका. कपाटं तिच्यावर टेकवत कोपऱ्यापासून निघायचं.

स्क्रू कपाटाच्या पातळ पाठीतून नको, वरच्या जाड पट्टीतून. भिंत खोलगट असेल तिथं मागे प्लायचा तुकडा सरकवा. तसंच आवळलं तर खोका पीळ खातो आणि दारं जुळत नाहीत. शेजारची कपाटं शिकंज्यात धरून एकमेकांना जोडा, पुढून ओळंबा सोडून बघा, मगच शेवटचा आवळा.

दारं बसवायची ती यानंतर.