हातावरचे व्रण आणि घरातलं पहिलं वाक्य

[दृश्य: शाळा सुटल्यावरचा रस्ता. सायकली, दप्तरं. चेहरे दिसत नाहीत.]

मुलीच्या हातावर व्रण दिसले की घरातलं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं : "काय हे करून घेतलंस? तुला काय कमी केलंय आम्ही?" आई घाबरलेली असते, म्हणून ती असं बोलते. मुलीला मात्र त्यातली भीती कळत नाही, आरोप तेवढा कळतो. त्यात कुणी नातेवाईक म्हणतात, "काही नाही हो, लक्ष वेधून घ्यायचं वय आहे."

नाही. स्वतःला इजा करून घेणारी बहुतेक मुलं ती लपवतात. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. आणि समजा एखाद्यानं दाखवलीच, तर तो मदत मागतोय. त्याला हिणवायचं कशाला?

हे फक्त मुलींचं दुखणं आहे, असंही नाही. मुलग्यांचं आपण "जरा तापट आहे" म्हणून सोडून देतो, एवढंच. देशोदेशींच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. किशोरवयीन मुलामुलींपैकी साधारण १७ टक्के जणांनी कधी ना कधी स्वतःला इजा केल्याचं त्यातून दिसलं.

[दृश्य: रिकामा वर्ग. खिडकीतून येणारं ऊन.]

का करतात? राग, अपमान, एकटेपणा इतका दाटून येतो, की तो कुणाला सांगायचा कसा हेच सुचत नाही. काहींना उलट काहीच जाणवेनासं होतं. इजेनंतर ताण क्षणभर उतरतो आणि पाठोपाठ लाज येते. लाजेपोटी लपवणं आलं, लपवण्यातून एकटेपणा वाढला, की पुन्हा तेच. बहुतेक वेळा यात मरायची इच्छा नसते. तरीही दुर्लक्ष करून चालत नाही, कारण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला असतो. म्हणून शांतपणे, पण थेट विचारावं : "जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.

[दृश्य: जुन्या रुग्णालयाची लांब मार्गिका.]

१९६१. अमेरिकेतलं हार्टफर्ड शहर. मार्शा लिनेहान ही १७ वर्षांची मुलगी मनोरुग्णालयात दाखल झाली. ती स्वतःला सतत इजा करायची. तिला एकांत खोलीत ठेवलं, औषधं दिली, विजेचे झटके दिले. दोन वर्षांहून अधिक काळ ती तिथं होती. पुढे तीच मुलगी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ झाली आणि अशाच रुग्णांसाठी तिनं डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती घडवली. 'तुझं दुखणं खरं आहे' हे आधी मान्य करायचं आणि मग तीव्र भावना सांभाळण्याची कौशल्यं एकेक करून शिकवायची, हा तिचा गाभा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचारानं स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाल्याचं दिसलं.

लिनेहान यांच्या हातावरच्या खुणा पाहून एका रुग्णानं त्यांना विचारलं होतं, "तुम्ही आमच्यातल्याच का?" तसं असेल तर आम्हाला केवढी आशा वाटेल, असंही तो रुग्ण म्हणाला. २०११ मध्ये, त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात, लिनेहान यांनी आपली कहाणी जाहीरपणे सांगितली.

[दृश्य: स्वयंपाकघर. दोन कप चहा.]

आता आपल्या घरात. "माझी शपथ घे, परत असं करणार नाहीस." आपल्याकडे हे अगदी सहज तोंडून निघतं. मुलगी शपथ घेतेही. पण ताण तसाच असतो, आणि तो सोसायची दुसरी वाट तिला अजून सापडलेली नसते. पुन्हा तसं घडलं, की आईची शपथ मोडल्याचं ओझंही तिच्यावर येतं. यानंतर ती आईला काही सांगेल का? म्हणून शपथ नको. रोज हात तपासणंही नको. जखम असेल तर आधी तिच्यावर उपचार करा. खोल असेल तर लगेच डॉक्टर गाठा. मग जवळ बसून एवढंच विचारा : "किती दिवस एकटीच सोसतेयस हे?" उत्तर लगेच येणार नाही. येईपर्यंत बसून राहा.

[पडद्यावर: १४४१६]

हा टेलि-मानसचा क्रमांक. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. मुलांना फोन करता येतो, आणि काय बोलावं हे सुचत नसलेल्या आईबाबांनाही.