राथ क्रॉसचा शुक्रवार

(पडद्यावर: सपाट हिरवी शेतं. मधून जाणारा सरळ रस्ता. दोन्ही कडांना मातीचे बांध, बांधांवर दाट काटेरी कुंपण. आवाज फक्त वाऱ्याचा.)

हा रस्ता डब्लिनहून उत्तरेला स्लेनकडे जातो. डब्लिनपासून वीसेक किलोमीटरवर ॲशबर्न लागतं. आज तिथं रोज शहरात कामाला जाणाऱ्यांची वसाहत आहे. १९१६ साली मोजकी घरं होती, एक पोलीस चौकी होती आणि चौकीजवळ हा चौक होता, राथ क्रॉस.

गनिमी कावा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घाट, खिंडी आणि करवंदीच्या जाळ्या येतात. इथं त्यातलं काहीच नाही. नजर जाईल तिथवर जमीन सपाट. लपायला आहेत ते हे बांध, त्यांच्या पायथ्याचे चर आणि वरचं कुंपण. बांधापलीकडे माणूस बसला, तर रस्त्यावरच्याला त्याची टोपीसुद्धा दिसायची नाही.

(पडद्यावर: कॅमेरा बांधाआडून रस्त्याकडे पाहतो.)

२८ एप्रिल १९१६, शुक्रवार. डब्लिन पाच दिवसांपासून पेटलेलं होतं. ईस्टरनंतरच्या सोमवारी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. 'आयरिश स्वयंसेवक' या सशस्त्र संघटनेच्या माणसांनी शहरातलं मोठं पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं होतं. उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांनी त्याच्या दारात उभं राहून प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला होता. ब्रिटिश तोफा आता त्याच इमारतीवर रोखलेल्या होत्या. उठाव साऱ्या देशात व्हायचा होता, पण ऐन वेळी स्वयंसेवकांचेच प्रमुख ओन मॅकनील यांनी सगळं रद्द केल्याचा हुकूम धाडला. गावोगावची माणसं घरी बसली.

फिंगलची मात्र बसली नाहीत. फिंगल म्हणजे डब्लिनच्या उत्तरेचा शेतीचा पट्टा. तिथल्या तुकडीचे प्रमुख होते थॉमस ॲश, वय ३१. मूळचे केरी परगण्यातले, उंचेपुरे, लस्क गावाजवळच्या शाळेचे मुख्याध्यापक. आयरिश भाषेचे वेडे. बॅगपाइप वाजवायचे, आणि लस्कच्या पोरांना जमवून त्यांनी पाइप बँडही उभा केला होता. आपल्याकडे असते तर सगळ्या गावानं त्यांना 'ॲश मास्तर' म्हटलं असतं.

मास्तरांकडे माणसं आधीच कमी होती. त्यात मंगळवारी डब्लिनहून तिथल्या लढाईचे सूत्रधार जेम्स कॉनली यांचा निरोप आला, चाळीस जण शहरात पाठवा. त्यांनी वीस पाठवले. उरले चाळीस-पंचेचाळीस. हत्यारं म्हणजे काही जुन्या जर्मन माउझर, काही लष्करी रायफली, बाकी छऱ्याच्या बंदुका.

आणि सायकली. सायकल हेच त्यांचं घोडदळ. रात्री एखाद्या शेतात मुक्काम, सकाळी पॅडल मारत पुढं. बुधवारी स्वर्ड्‌स आणि डोनाबेटच्या चौक्या घेतल्या. गुरुवारी गॅरिस्टाउनला गेले, तर पोलीस आधीच निघून गेलेले. पोस्टात शिरायचं, तारा तोडायच्या, हाती लागतील ती हत्यारं उचलायची आणि पसार व्हायचं.

तारा तोडण्याच्या कामात एक खास माणूस त्यांना येऊन मिळाला होता, रिचर्ड मुल्काही. नोकरी पोस्टाच्या अभियांत्रिकी खात्यात. सोमवारी इंग्लंडकडे जाणाऱ्या तारा तोडून आले, शहरात परतायची वाट बंद झाली, म्हणून इकडे आले. एरवी तारा जोडायची नोकरी, आणि त्या आठवड्यात तोडायचं काम. मुल्काही डोक्यानं थंड. ॲश यांनी त्यांना लगोलग आपला उजवा हात केलं.

(पडद्यावर: जुना नकाशा. बोट राथ क्रॉसवर येऊन थांबतं.)

शुक्रवारचा बेत खरं तर पलीकडचा रेल्वेमार्ग उखडायचा होता, म्हणजे डब्लिनकडे जाणारं सैन्य अडलं असतं. वाटेत ॲशबर्नची चौकी लागली. ॲश यांनी आतल्या पोलिसांना शरण या म्हणून सांगितलं. उत्तरादाखल खिडक्यांतून गोळ्या आल्या. अर्धा तास नुसती फटाफट चालली. मग कुणीतरी पत्र्याच्या डब्यात बनवलेला गावठी बॉम्ब भिंतीकडे फेकला. आवाज मोठा झाला. आतून पांढरं फडकं हललं.

आणि नेमक्या त्याच वेळी, उत्तरेकडून, मोटारींचे आवाज.

पंधरा-सतरा मोटारी. एकामागोमाग एक, स्लेनच्या बाजूनं. त्यांत पन्नास-साठ पोलीस, रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचे, म्हणजे आरआयसीचे. सोबत परगण्याचे मुख्य अधिकारी अलेक्झांडर ग्रे आणि त्यांचे दुय्यम हॅरी स्मिथ. चौकीला मदत पोचवायला ते निघाले होते. पुढं किती माणसं आहेत, कुठं आहेत, काही अंदाज नाही.

पहिल्या मोटारी चौकाच्या तोंडाशी आल्या आणि गोळ्या सुटल्या. रांगच्या रांग जागच्या जागी थांबली. पोलीस उड्या टाकून मोटारींखाली घुसले, कुणी चरात आडवे पडले.

या क्षणी ॲश यांना माघार घ्यावीशी वाटली. साहजिकच आहे, समोर आपल्याहून जास्त माणसं. मुल्काही म्हणाले, नाही, ही माणसं आपल्या हातात आहेत. माझ्या मते सगळी लढाई या एका मतभेदात ठरली. तो मतभेद ज्या शांतपणे मिटला, तो तर आणखी नवलाचा. मास्तरांनी मानापमान मध्ये आणला नाही. ज्याला जास्त कळतंय त्याला करू दिलं.

मुल्काहींनी रस्ता वाचला होता. पोलीस रस्त्यावर आहेत. दोन्हीकडे बांध असल्यानं त्यांना बाजूला पसरता येत नाही. तेव्हा सात-आठ माणसांनी चौकात बसून त्यांना पुढं येऊ द्यायचं नाही आणि बाकीच्यांनी शेतांतून वळसा घालून पिछाडी गाठायची. पुढून दार लावायचं, मागूनही लावायचं. गोळ्या मोजून झाडायच्या, पण वेगवेगळ्या जागांवरून, म्हणजे समोरच्याला वाटावं, कुंपणाआड शंभर-दोनशे जण आहेत.

ऐकायला सोपं. करताना पाच तास लागले.

मध्ये एक घोळही झाला. मुक्कामावर मागं राहिलेली तुकडी फ्रँक लॉलेस यांच्यासोबत मदतीला धावून आली, ती थेट पोलिसांच्या मागच्या अंगाला. मुल्काहींच्या माणसांना कुंपणापलीकडे हालचाल दिसली, त्यांना ते पोलीस वाटले, आणि काही वेळ स्वयंसेवकच स्वयंसेवकांवर गोळ्या झाडत राहिले. विजयाच्या गोष्टींत असले प्रसंग गाळायची रीत आहे. इथं ते सांगितलं पाहिजे, कारण त्या हिरव्या भिंतीआड कुणाला कुणी दिसत नव्हतं, हीच त्या दिवसाची खरी अवस्था.

शेवटी मुल्काही मोजकी माणसं घेऊन संगिनी लावून रस्त्यावर उतरले. पोलीस खचले होते. ग्रे केव्हाच जबर जखमी होऊन पडले होते. हॅरी स्मिथ मात्र अखेरपर्यंत आपल्या माणसांना उठवत राहिले. जॉन क्रेनिगन हा तरुण स्वयंसेवक त्यांच्या गोळीनं पडला, आणि लगेच लॉलेस यांच्या गोळीनं स्मिथ पडले. हे सगळं अवघ्या काही पावलांच्या अंतरात.

मग हत्यारं खाली पडू लागली. चौकीतलेही बाहेर आले.

(पडद्यावर: रिकामा रस्ता. कुंपणाची पानं हलतात. काही सेकंद निवेदन नाही.)

आठ पोलीस गेले, त्यात पुढं मे महिन्यात जखमांनी दगावलेले ग्रे धरले आहेत. दोन स्वयंसेवक गेले, क्रेनिगन आणि टॉमस रॅफर्टी. रस्त्यात सापडलेली साधी माणसंही मेली. डॉ. रिचर्ड हेज हे या तुकडीचे वैद्य, आणि ॲश यांच्याआधीचे प्रमुखही तेच. ते चरातून चरात जात जखमींना पट्ट्या बांधत होते, आणि गणवेश कुठला ते बघत नव्हते. शरण आलेल्या पोलिसांना, पुन्हा आमच्यावर शस्त्र उचलू नका अशी ताकीद देऊन सोडून देण्यात आलं.

हे पोलीस कोण होते? इंग्रज शिपाई नव्हेत. आरआयसीचे बहुतेक शिपाई आयरिशच, बहुतेक कॅथलिक, शेतकऱ्यांची पोरं. पक्की नोकरी आणि म्हातारपणी पेन्शन, म्हणून भरती झालेली. खेड्यातल्या हुशार पोरापुढं दोन वाटा असायच्या, शाळेत मास्तर व्हायचं नाहीतर पोलिसात जायचं. त्या शुक्रवारी दोन्ही वाटा राथ क्रॉसला समोरासमोर आल्या. या दलाचा आपल्याशीही संबंध आहे. चार्ल्स नेपियर यांनी १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर तिथले पोलीस उभारले ते आयरिश पोलिसांच्या नमुन्यावर, आणि पुढं तो कित्ता मुंबई इलाख्यानं गिरवला.

तारखेचाही एक योग आहे. त्याच दिवशी, २८ एप्रिल १९१६ ला, बेळगावात लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानं होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडकडून घेतलेला. बेळगावच्या मंडपात त्या शब्दाचा जयजयकार झाला त्या दिवशी, आयर्लंडमधली ही पोरं त्याच शब्दावरचा विश्वास उडून चरात पडली होती. होमरूलचा कायदा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि महायुद्धाचं कारण देऊन लगेच बासनात गेला, हे त्यांनी पाहिलं होतं.

(पडद्यावर: डब्लिनच्या जळक्या इमारतींची छायाचित्रं.)

जिंकलेली ही तुकडी दोनच दिवसांत शरण गेली. शनिवारी पिअर्स यांनी शरणागतीवर सही केली आणि रविवारी त्यांचा हुकूम फिंगलच्या मुक्कामावर आला. कुणाचा विश्वास बसेना. शहानिशा करायला मुल्काही डब्लिनला गेले. पिअर्स लष्करी कोठडीत होते. हा हुकूम फक्त डब्लिनपुरता की साऱ्या देशाला? साऱ्या देशाला. चांगली लढलेली एखादी छोटी तुकडी अजून टिकून राहिली, तर उपयोग होईल का? नाही. एवढंच बोलणं झालं. चार दिवसांत पिअर्स यांना गोळ्या घातल्या गेल्या.

मुल्काही पुढं स्वातंत्र्ययुद्धात आयरिश सेनेचे सेनाप्रमुख झाले. ॲश यांना मृत्युदंडाऐवजी जन्मठेप मिळाली, १९१७ च्या जूनमध्ये सुटका झाली, आणि एका भाषणावरून ऑगस्टमध्ये पुन्हा अटक. माउंटजॉय तुरुंगात त्यांनी उपोषण धरलं. मागणी एकच, आम्हाला चोर-दरोडेखोरांत मोजू नका. तुरुंगानं नळीनं जबरदस्तीनं अन्न घातलं. २५ सप्टेंबरला इस्पितळात त्यांचा प्राण गेला. वय ३२.

अंत्ययात्रेला डब्लिन लोटलं. कबरीवर बंदुकांची फैर झडली, आणि मायकेल कॉलिन्स नावाचा, पुढं स्वातंत्र्ययुद्धाचा नेता झालेला, पण तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला तरुण पुढं आला. बोलला तो एवढंच, की आत्ता ऐकलेली फैर हेच इथं शोभणारं भाषण.

(पडद्यावर: लस्क गाव. दुरून पाइपांचे सूर.)

लस्कमध्ये मास्तरांनी उभारलेला बँड अजून आहे. नाव ब्लॅक रेव्हन, म्हणजे काळा डोमकावळा. पोरं अजून तालमीला जमतात.