मानेतली गाठ आणि आवाजाची नस

नमस्कार श्रोतेहो.

एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ, तीन-चार वर्षं हळूहळू वाढलेली. दुखणं नाही, ताप नाही. मी ती बोटांनी दाबली आणि बाईंना ठसका लागला. तपासणीत असा ठसका लागला की आम्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना पहिली शंका येते ती व्हेगस नावाच्या नसेवरच्या, म्हणजे मज्जातंतूवरच्या, श्वानोमा या गाठीची.

वायरीवर प्लॅस्टिक असावं तसं मज्जातंतूवर आवरण असतं. ते बनवणाऱ्या पेशींना जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांचं नाव आहे. ही गाठ त्याच पेशींची. ती कर्करोगाची नसते आणि पुढे तशी होणंही फार विरळ. आपल्याकडे मानेत गाठ दिसली की आधी टीबी आठवतो, आणि तो असतोही पुष्कळदा. पण तपासणीशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

व्हेगस नस मानेत मोठी धमनी आणि मोठी शीर यांच्या मधून उतरते आणि स्वरयंत्राला फांद्या देते. तिच्यावर गाठ आली की एमआरआयमध्ये या दोन रक्तवाहिन्या एकमेकींपासून फाकलेल्या दिसतात. बाईंच्या तशाच दिसल्या.

गाठीबरोबर नसही कापली तर आवाज बसतो, पाणी पितानाही ठसका लागतो. म्हणून आम्ही नस राखायला बघतो. तिचे तंतू गाठीवर ताणून पसरलेले असतात. भूल देताना घातलेल्या नळीवर स्वरतंतूंची हालचाल टिपणारे इलेक्ट्रोड असतात. बारीक विद्युतप्रवाह देऊन, जिथे प्रतिसाद येत नाही अशी जागा शोधायची, तिथे आवरणाला उभी चीर द्यायची आणि ओल्या शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ अलगद सोडवायची. घाई अजिबात चालत नाही.

एवढं करूनही आवाज काही महिने घोगरा राहू शकतो, क्वचित कायमचाही. हे आधीच सांगायला हवं. वय झालेलं असेल, त्रास काहीच नसेल, तर स्कॅन करत नुसतं लक्ष ठेवणंही योग्य ठरतं.

बाईंनी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी एकच विचारलं होतं, ‘वर्गात कविता म्हणता येईल ना?’ मी खात्री दिली नव्हती. दोन महिने त्या फळ्यावर लिहून आणि हळू बोलून शिकवत होत्या. तिसऱ्या महिन्यात त्यांचा फोन आला, आणि नाव सांगण्याआधीच मी आवाज ओळखला.