ढकलपत्र: जसं आलं तसं

[दृश्य: अंधारं स्वयंपाकघर. ओट्यावर मोबाइल उजळतो.]

सकाळचे सव्वासहा. अजून चहाचं आधण ठेवलेलं नाही, पण घरच्या ग्रुपला जाग आलीय. आधी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. मग उगवता सूर्य. मग तीन वेळा वर सरकवावा लागेल एवढा लांब मजकूर: उपाशीपोटी काय प्यायलं की गुडघे दुखायचे थांबतात. पाठवणारे नानाकाका. शेवटी एक ओळ: 'जसं आलं तसं पाठवतोय.'

फोन करून विचारलं, "नाना, हे खरंय का हो?"

"मला काय माहीत? मी फक्त फॉरवर्ड केलं."

या 'फक्त'च्या मागे आपण आज निघालोय.

[दृश्य: जुना संगणक, ई-मेलची पेटी.]

व्हॉट्सअॅप आलं 2009 साली. पण असले मजकूर त्याआधी ई-मेलनं फिरायचे, आणि त्याही आधी पोस्टकार्डानं. 'वाचून अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल' हे तर घरोघरी येऊन गेलंय. ई-मेलच्या काळात मराठी आंतरजालावरच्या मंडळींनी या प्रकाराला नाव दिलं: ढकलपत्र. त्याच टवाळखोर टाकसाळीत फेसबुकचं थोबाडपुस्तक झालं, व्हॉट्सअॅपचं कायप्पा झालं. हे दोन शब्द चेष्टेपुरते. ढकलपत्र मात्र नेमकं आहे.

कारण मराठीत आपण काय काय ढकलतो बघा. ढकलगाडी. ढकलपास. नको असलेलं काम शेजारच्या टेबलावर. लग्नाची तारीख पुढे. आणि जबाबदारी, ती तर कायमच दुसऱ्यावर. पाठवणाऱ्याला पत्ता लिहावा लागतो, तिकीट लावावं लागतं. ढकलणाऱ्याला फक्त हात मोकळे करायचे असतात.

[दृश्य: सरकारी कचेरी, फायलींची चळत, शिक्का.]

फॉरवर्डला सरकारी मराठीत एक भारदस्त शब्दही आहे: अग्रेषित. 'पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित.' पण तिथली शिस्त पाहा. अग्रेषित करणाऱ्याची सही लागते, खाली हुद्दा, वर तारीख, शिवाय जावक क्रमांक. उद्या काही बिनसलं तर कागद कुणाच्या टेबलावरून पुढे गेला ते शोधता येतं. कचेरीला आपण कितीही नावं ठेवू, पण नानांच्या गुडघ्याच्या औषधाला जावक क्रमांक नाही.

त्याऐवजी असतं 'साभार'. या शब्दाची मला खरंच दया येते. एके काळी नवख्या कवीला संपादकाकडून 'साभार परत' यायचं. नकारच, पण कुणी कुणाचे आभार मानले ते तरी ठाऊक असायचं. आता मजकुराखाली येतं: 'व्हॉट्सअॅपवरून साभार'. म्हणजे गोष्ट आवडली म्हणून एस.टी.चे आभार, कारण ती सांगणारा प्रवासी एस.टी.त भेटला होता.

आणि लेखकाचं नाव गळलं की मोकळ्या जागेवर दुसरं येऊन बसतं, बहुधा पु. ल. देशपांड्यांचं. पुलं गेले 12 जून 2000 रोजी. तरी मोबाइलच्या वेडावरचे चुरचुरीत परिच्छेद त्यांच्या नावावर आजही येतात. ज्यांनी ते खरोखर लिहिले, ते कुठल्यातरी ग्रुपवर स्वतःचाच मजकूर पुलंच्या नावानं वाचत असतील. म्हणून तर आता फेसबुकवर लिहिणारे शेवटी हात जोडून लिहितात: शेअर करायचं तर नावासकट करा.

[दृश्य: आवाज थांबतो. आठवडी बाजार, रिकामी पालं.]

इथवर हसता येतं.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. बाजारात आलेले पाच अनोळखी पुरुष जमावाला त्या टोळीतले वाटले. ते होते भिक्षा मागत गावोगाव फिरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना ठार मारलं.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत होती: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून पळतात. मूळ फीत कराचीतली, पालकांनी सावध राहावं म्हणून केलेली. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला. पुढच्यांनी काहीच कापलं नाही. त्यांनी जसं आलं तसं पाठवलं.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. एक बाण, मग जोडबाण.]

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं ढकललेल्या मेसेजवर बाणाची खूण आणि 'फॉरवर्डेड' ही चिठ्ठी लावायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच जागी पाठवण्याची मर्यादा घातली. पुढे मजकूर पाच किंवा जास्त हातांतून आला असेल तर जोडबाण दिसू लागला. एप्रिल 2020 पासून जोडबाणाचा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी ढकलता येतो. आत काय लिहिलंय ते कंपनी वाचत नाही. किती हात लागलेत एवढंच खूण सांगते.

बाण कोर्टातही आला. तमिळनाडूतल्या एका अभिनेत्यानं, माजी आमदारानं, महिला पत्रकारांबद्दलचा आक्षेपार्ह मजकूर 2018 मध्ये फेसबुकवर पुढे पाठवला होता. नंतर काढून टाकला, माफीही मागितली. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं, पुढे पाठवलेला मेसेज म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही दिलासा मिळाला नाही. तिथं त्याच्या बाजूनं सांगितलेलं कारण ऐकण्यासारखं आहे: डोळ्यात औषध घातलं होतं, त्यामुळे मजकूर वाचता आला नाही.

वाचता आला नाही, पण ढकलता आला.

[दृश्य: पुन्हा ओटा. चहा उकळतोय.]

हे सगळं मी नानांना सांगितलं. नाना शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, ते जोडबाण दिसले की हल्ली कुणी वाचतच नाही. म्हणून मी आता कॉपी करतो आणि नव्यानं चिकटवतो. मग बाण येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मेसेज आला. वर बाण नव्हता. मजकूर डोळ्यांच्या औषधाचा होता, मधला एक परिच्छेद नानांनी कंटाळवाणा म्हणून गाळला होता. खाली नेहमीची ओळ होती.

'जसं आलं तसं.'